खळग्यातली टोपली

पाणीपुरवठ्याच्या टाकीमागे एक टेकडी आहे. तिला टेकडी म्हणणं म्हणजे तिचा मान राखणं. पण चढताना आमच्या तोंडाला फेस येतो, तेव्हा आपलाही मान राखायला टेकडीच म्हणू. या टेकडीवर कुणा भल्या माणसाने नऊ लोखंडी टोपल्या खांबांवर बसवल्या, त्यांच्यावर साखळ्या टांगल्या आणि जगाला सांगितलं, की लांबच्या ओट्यावरून प्लास्टिकची तबकडी फेका आणि टोपलीत पाडा. कमीत कमी फेकींत पाडेल तो जिंकला. या उद्योगाला डिस्क गोल्फ म्हणतात.

तिथे खरे खेळाडूही येतात. त्यांच्या पाठीवर खास पिशवी असते, पिशवीत वीस-पंचवीस तबकड्या. वारा डावीकडून आला तर ही, उजवीकडून आला तर ती, आणि वाराच नसेल तर तिसरी. फेकण्याआधी ते चिमूटभर गवत हवेत उडवतात आणि वैद्याने नाडी बघावी तसा चेहरा करतात. आमच्याकडे माणशी एक तबकडी. वारा कुठूनही येवो, ती तिला हवं तिथे जाते. परमेश्वराच्या इच्छेवर इतका मनापासून सोडलेला खेळ मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आम्ही म्हणजे माझे भाऊजी, माझी ताई, त्यांचे थोरले जावई, धाकटी भाची आणि मी. थोरली भाची येत नाही. टेकडी सोसत नाही म्हणते. मला वाटतं टेकडी सोसली असती, पण नवरा आठवड्याचे सहा दिवस पुरतो. माझा धंदा चष्म्याचा. लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही यावर माझं पोट चालतं, म्हणून दर रविवारी मी या मंडळींबरोबर जातो. इतकी अधू नजर एका जागी सहसा बघायला मिळत नाही.

भाऊजींचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे आणि माणूस मनाने राजा आहे. मोजताना चार बोटं जास्त देईल, आल्यागेल्याला बसवून घेईल, नोकराच्या मुलीची फी परस्पर भरेल आणि बोलायचा नाही. देवाने हा माणूस घडवताना हात अगदी सैल सोडला होता, आणि तोच सैलपणा भाऊजींनी पुढे फेकींच्या हिशोबातही चालू ठेवला. तबकडी झाडावर आपटली तर ती झाडाची चूक. वाऱ्याने नेली तर ती वाऱ्याची फेक. झुडपात गेली तर ती सापडेपर्यंत जे काही झालं ते मोजायचं नाही, कारण कुणी पाहिलेलंच नाही. हे नियम त्यांनी कधी सांगितले नाहीत. ते आमच्या अंगात भिनले. आपल्या फेकी आपण बोलायच्या आणि इतरांनी 'वा' म्हणायचं, एवढाच आमचा शिरस्ता.

या शिरस्त्याला शास्त्राची उंची दिली ती थोरल्या जावयांनी. ते विमा एजंट आहेत. मरणाबद्दल बोलतानासुद्धा समोरच्याला गुदगुल्या होतील असं बोलतात. त्यांचं खरं कर्तृत्व मात्र नवव्या टोपलीचं.

नवव्या टोपलीचा ओटा टेकडीच्या माथ्यावर आहे आणि टोपली पलीकडच्या खळग्यात. मध्ये एक उंचवटा आणि झुडपं, त्यामुळे वरून ती दिसत नाही. तबकडी फेकायची, ती उंचवट्यापलीकडे नाहीशी होते, पुढचं देव जाणे. खाली जायची पायवाट उभी आहे. घरचा रस्ता मात्र ओट्यापासूनच सुरू होतो. तेव्हा भाऊजींच्या गुडघ्याचा विचार करून असं ठरलं, की एकाने खाली उभं राहायचं, तबकडी गेली की 'गेली!' म्हणून ओरडायचं आणि सगळ्यांच्या तबकड्या घेऊन वर यायचं. हे काम थोरल्या जावयांनी आनंदाने घेतलं. तेव्हापासून भाऊजींची प्रत्येक तबकडी एका फेकीत गेलेली आहे. ताईची जाते, माझीही जाते. एकदा माझी हातातून निसटून मागच्या वाटेवर पडली, तरी खालून आवाज आला, "गेली!"

एका फेकीत टोपली म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या जन्माचं सार्थक. कित्येकांच्या नशिबी ती एकदाही येत नाही. भाऊजींना ती दर आठवड्याला आली. त्यातल्या ज्या तबकड्या फारच देखण्या गेल्या (न दिसताच, पण देखण्या), त्या त्यांनी दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगल्या. पडदे घ्यायला आलेल्या बायका पडद्याआधी त्या कथा ऐकतात.

हे सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, आणि धाकटीला लग्न करावंसं वाटलं.

मुलगा वजनमापे खात्यात निरीक्षक. भाऊजी त्याला पहिल्यापासून 'तराजू' म्हणतात. दोघांची ओळख कशी झाली तेही ऐका. तो दुकानात कापड मोजायची पट्टी तपासायला आला होता. गल्ल्यावर धाकटी बसली होती. त्याने आपली पितळी पट्टी काढली, दुकानाच्या पट्टीशेजारी ठेवली, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. दुकानाची पट्टी बोटभर जास्त निघाली. जास्त! म्हणजे इतकी वर्षं दर मीटरला भाऊजींचंच नुकसान होत होतं. दुसरा कुणी हसून निघून गेला असता. याने पट्टी जप्त केली.

"अहो, यात फसला कोण? मीच ना?" भाऊजी म्हणाले.

"हो काका."

"मग नोटीस कुणाला?"

"तुम्हालाच."

भाऊजी आठवडाभर जेवताना हे सांगत होते, आणि धाकटी आठवडाभर गालातल्या गालात हसत होती. आमच्या ताईने ते हसू पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

धाकटीने पुढे सरळ सांगून टाकलं. लग्न करीन तर याच्याशी, पण बाबांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय नाही. कुढत दिलेला होकार नको. भाऊजींनी दोन दिवस भिंतीवरच्या तबकड्यांकडे बघत काढले आणि मग म्हणाले, "रविवारी खेळायला घेऊन ये. माणूस खेळताना कळतो. तिथे बघून सांगतो. आणि सांगितलं की सांगितलं."

सांगितलं की सांगितलं, हे भाऊजींच्या बाबतीत खरं आहे. मोजमाप सैल असेल, शब्द सैल नाही.

तर असा तो रविवार उजाडला. तराजू वेळेवर आला, म्हणजे आमच्यात कुणीच आलेलं नव्हतं तेव्हा. आम्ही पोचलो तर तो पहिल्या ओट्याशी लावलेला नियमांचा फलक वाचत उभा. आम्ही इतक्या वर्षांत तो फलक पाठ टेकायला आणि बुटातले खडे काढायला वापरला होता. त्यावर काही लिहिलंय हे मला त्या दिवशी कळलं.

"काय, पाठ करताय की काय?" थोरल्या जावयांनी विचारलं.

"झाला," तो म्हणाला. त्याला वाटलं, खरंच विचारताहेत.

धाकटीने त्याला बाजूला ओढलं. मी बुटाची नाडी बांधत होतो. नाडी बांधताना माणसाला बरंच ऐकू येतं.

"हे बघ, आज एक तास तू निरीक्षक नाहीस."

"बरं."

"बाबा तीन म्हणाले तर तीन."

"आणि पाच झाल्या असतील तर?"

"तर तू मोजत नव्हतास."

"पण मी मोजत असणार."

"मनात मोज! मनात काय हवं ते कर. तोंड उघडलंस तर संपलं सगळं, कळतंय का तुला?"

"कळतंय," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला, की दात काढायच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा बरा.

पहिल्या दोन टोपल्या सुखरूप गेल्या. त्या उतारावर आहेत, तबकडी घरंगळतसुद्धा टोपलीजवळ जाते. तिसरी चढावर. तिथे भाऊजींची पहिली फेक काटेरी झुडपात गेली. दुसरी त्याच झुडपातून निघून शेजारच्या झुडपात. मग एक झाडावर, एक वाऱ्यावर, एक टोपलीच्या खांबावर, आणि शेवटी जवळ जाऊन त्यांनी ती टोपलीत ठेवली. टाकली नाही. ठेवली, चावीच्या खिळ्यावर चावी अडकवावी तशी.

"तीन," भाऊजी म्हणाले.

"वा! तीन!" थोरले जावई.

"तीन," मी.

"तीनच की," ताई. तिचं लक्ष फुलपाखराकडे होतं.

तराजूच्या घशातून एक आवाज आला. दाराच्या फटीत बोट सापडल्यावर सभ्य माणूस काढतो तसा. धाकटीचा बूट त्याच्या बुटावर होता.

"काही म्हणालात?" भाऊजी वळले.

"नाही काका. ठसका."

"जावईबापू, पाणी द्या यांना."

चौथ्या टोपलीला पुन्हा ठसका, पाचव्याला पुन्हा. सहाव्या टोपलीपर्यंत पाण्याची बाटली रिकामी झाली. ताईने काळजीने विचारलं, "बाळा, छाती बघून घेतलीस का कधी?" तो स्वतः काय खेळत होता याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. वाईट खेळत होता. आमच्याइतकाच वाईट, फक्त प्रत्येक फेकीनंतर मोठ्याने आकडा बोलायचा. "सात," तो म्हणायचा, शांतपणे. आमच्यात सात हा आकडा याआधी कुणी उच्चारला नव्हता. थोरले जावई दचकायचे, एखाद्याने पंगतीत शिवी दिल्यासारखे.

"अहो, त्यातल्या दोन वाऱ्याच्या धरा," भाऊजी औदार्याने म्हणाले. हा माणूस शत्रूलाही चार बोटं जास्त देणारा.

"नको काका. माझ्याच होत्या."

भाऊजींच्या कपाळावर आठी पडली. दिलेलं परत केलेलं त्यांना सोसत नाही. आता ते कमी बोलायला लागले. मागून खऱ्या खेळाडूंची एक टोळी आली, त्यांना पुढे जाऊ दिलं. त्यांच्यातल्या एकाने तराजूला विचारलं, "किती झाल्या?" त्याने आपला खरा आकडा सांगितला, आणि तो खेळाडू इतक्या आपुलकीने हसला, की तसा तो आमच्याकडे पाहून कधी हसला नव्हता. भाऊजींनी तेही पाहिलं. आठी आणखी खोल गेली.

आठव्या टोपलीनंतर थोरल्या जावयांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "मामा, मला नाही वाटत जमेल. मुलगा चांगला आहे हो, पण माणसांत मिसळण्यासारखा नाही." मला पुढे धाकटी दिसत होती. ती चालताना हातातली तबकडी मांडीवर आपटत होती, टप, टप, टप. लहानपणी निकालाच्या दिवशी पाटी अशीच आपटायची.

आणि आलो आम्ही माथ्यावर, नवव्या ओट्याशी. वारा भरपूर. भाऊजींनी घाम पुसला, सगळ्यांकडे पाहिलं आणि हुकूम सोडला.

"आज खाली हे जातील."

थोरल्या जावयांचा चेहरा पडला. त्यांचं पद जात होतं. पण लगेच त्यांना त्यातली गंमत कळली आणि ते म्हणाले, "हो हो, जाऊ दे की. बघू तरी आवाज कसा लागतो!"

हीच परीक्षा होती आणि ती कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. एक शब्द. कुणी बघायला नाही, कुणी तपासायला नाही. खाली उभं राहायचं आणि एक शब्द ओरडायचा, झालं. धाकटी त्याला वाटेच्या तोंडापर्यंत सोडायला गेली. या वेळी मी नाडीसुद्धा सोडली नाही, उघड ऐकलं.

"गेली म्हणायचं. एवढंच."

"ती कुठेही पडली तरी?"

"कुठेही. माझ्यासाठी. एकदा."

तो उतरायला लागला. पाठीकडून तो जप्तीला निघालेला नव्हे, जप्त झालेला वाटत होता.

भाऊजी ओट्यावर उभे राहिले. एक पाऊल मागे, एक पुढे, हात फिरला आणि तबकडी सुटली. खरं सांगतो, बरी गेली. वाऱ्याने तिला उचललं, उंचवट्यावर ती जराशी तिरकी झाली आणि पलीकडे नाहीशी झाली.

आणि खालून काहीच आवाज आला नाही.

थोरले जावई असते तर तबकडी हातात असतानाच ओरडले असते. आम्ही थांबलो. वाऱ्याचा आवाज, लांब कुठेतरी एक कुत्रं. भाऊजी कमरेवर हात ठेवून उभे. ताई पुटपुटली, "अगंबाई, चक्कर आली की काय त्याला?" धाकटीने डोळे मिटून घेतले. मी पाहिलं, तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल किंवा त्याचं. अशा वेळी दोन्ही सारखंच पोचतं.

मग एकदम, फाटलेल्या आवाजात, "गेली!"

सुटलो! थोरल्या जावयांनी टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या, ताईने 'वा वा' म्हटलं. नेहमीच्याच टाळ्या, नेहमीचंच वा वा. भाऊजी ओट्यावरून उतरले, हात पुसले आणि हसले.

"शिकतो. जरा वेळ लागतो, पण शिकतो. काय शालकबुवा?"

"शिकतो की," मी म्हणालो.

"मुलगा वाईट नाही. जरा अवघडलेला होता इतकंच. समजूतदार आहे." त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. "काय गं, आता..."

वाक्य पूर्ण व्हायला दोन शब्द उरले होते. दोन! तेवढ्यात वाटेवरून तराजू वर आला. धावत आला होता. केस उडालेले, पॅंटला कुसळं, हात रिकामे, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू त्याचीच तबकडी.

"काका! गेली! खरंच गेली!"

थोरल्या जावयांच्या टाळ्या हवेतच थांबल्या.

"काय म्हणालास?" भाऊजींनी विचारलं. त्याला एकेरीत बोलण्याची ही पहिलीच वेळ.

"खरंच गेली, काका. सरळ साखळीवर आली आणि आत पडली. मी साखळ्या हलायच्या थांबेपर्यंत थांबलो, म्हटलं बाहेर सरकायला नको. चारही बाजूंनी बघितली, मगच ओरडलो. एका फेकीत! खरंच!"

तुम्हाला सांगतो, कुणाला पाडायचं असेल तर त्याच्यावर खोटा आळ घ्यायची गरज नाही. त्याचं खरं कौतुक करावं. त्या एका 'खरंच'मध्ये आमची इतकी वर्षं उघडी पडली. भाऊजींनी तो शब्द तोंडात घोळवला, खडा लागल्यासारखा.

"खरंच म्हणजे?"

ताईला पुन्हा फुलपाखरू सापडलं. मला नाडी.

"जावईबापू," भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही कधी 'खरंच' म्हणाला नाहीत."

"बाबा, ते... माझ्या म्हणण्यात ते आलंच होतं ना. प्रत्येक वेळी काय वेगळं..."

"माझ्या भिंतीवर तबकड्या टांगल्यात."

"आहेत ना! फार शोभतात!"

आता तराजूच्याही लक्षात आलं. हळूहळू आलं, तापलेलं लोखंड निवावं तसा त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड उतरत गेला. त्याने धाकटीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"तबकडी कुठाय?" भाऊजींनी विचारलं.

"जागेवरच आहे, काका. मी हात लावला नाही. तुम्ही बघितल्याशिवाय हलवायची नाही म्हणून."

भाऊजी वळले आणि पायवाटेला लागले. ज्या गुडघ्यासाठी इतकी वर्षं एक माणूस खाली उभा केला होता, तो गुडघा आमच्या सगळ्यांच्या पुढे उतरत होता. थोरले जावई मागून "बाबा, जपून! बाबा, कशाला!" करत होते, पण त्यांनाच कुणीतरी धरायला हवं होतं. मी धरलं.

खाली खळग्यात वारा नव्हता. मध्ये टोपली आणि टोपलीत भाऊजींची निळी तबकडी, अगदी तळाशी, आडवी, शांत. आजूबाजूचं गवत मी नीट पाहिलं. टोपलीच्या पायाशी ते खऱ्या खेळाडूंनी आणि तराजूने तुडवलेलं होतं, पण शेंगेचं फोलपट तिथे एकही नव्हतं. पलीकडे, वाटेच्या तोंडाशी, सावलीत एक सपाट दगड होता आणि त्याच्या भोवती मात्र शेंगांच्या फोलपटांचा ढीग. म्हणजे थोरले जावई टोपलीपर्यंतसुद्धा जात नव्हते. बसून ओरडत होते.

भाऊजींनी तो दगड पाहिला, फोलपटं पाहिली. थोरल्या जावयांकडे पाहिलं नाही. कुणाची लाज रस्त्यात काढू नये हे त्यांना कळतं. मग ते तराजूकडे वळले.

"तू हिशोबाचा माणूस. मला नीट सांग. ही खरी?"

"खरी, काका."

"मग आधीच्या सगळ्या खोट्या?"

एक होकार आणि इतक्या वर्षांचे रविवार, दुकानाची भिंत, थोरले जावई, सगळं धुळीला. एक नकार आणि तराजू कायमचा आमच्यातलाच एक. धाकटीने आता वर पाहिलं. तिला त्याला खूण करता आली असती. केली नाही.

तराजूने बराच विचार केला.

"मी तेव्हा इथे नव्हतो, काका," तो म्हणाला. "जे माप मी बघितलं नाही, ते बरोबर असं मी म्हणत नाही. चूक असंही म्हणत नाही. आजची मी बघितली. आजची खरी. मागच्यांबद्दल मला काही बोलायचा अधिकार नाही."

थोरल्या जावयांच्या तोंडून असा निःश्वास निघाला, की गवत हललं.

भाऊजी दगडावर बसले. फोलपटं हाताने बाजूला केली आणि बसले. मग धाकटीला म्हणाले, "हा रोज असाच बोलणार. सकाळ-संध्याकाळ. झेपेल तुला?"

"एकदा त्याला विचारलं होतं," धाकटी म्हणाली, "माझा आवाज गोड आहे का."

"मग?"

"म्हणाला, मोठा आहे."

ताई खुदकन हसली.

"चार दिवस बोलले नाही मी. पाचव्या दिवशी स्वतःहून आला आणि म्हणाला, दुकानावरून जातो तर तुझा आवाज नसतो, मग पुढचं सगळं काम बेचव लागतं." तिने पायाने गवत दाबलं. "बाबा, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, बोलायला काय जातं. पण हा म्हणाला ना. म्हणजे तसंच असणार."

भाऊजी उठले, टोपलीपाशी गेले, हात आत घातला, पण तबकडी काढण्याआधी एक साखळी बोटाने हलवून पाहिली. ती किणकिणली. त्यांना तो आवाज माहीतच नसावा. पुन्हा हलवली. पुन्हा किणकिणली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. दुकानात येणारी काही माणसं पहिल्यांदा चष्मा लावून समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचतात, तेव्हा साधारण असंच काहीतरी होतं.

"बघितलंत ना सगळ्यांनी?" ते म्हणाले.

"बघितलं," आम्ही म्हणालो. या वेळी खरंच बघितलं होतं.

चढताना गुडघ्याने आपली आठवण करून दिली. अर्ध्या वाटेवर भाऊजी थांबले. थोरले जावई दोन्ही हात पसरून धावले, पण भाऊजींनी हात पुढे केला तो तराजूकडे. तराजूने तो धरला आणि दोघं जण चढायला लागले. मी मागेच होतो.

"काका, अजून बरीच चढण आहे," तराजू म्हणाला.

"आलोच म्हणायचं असतं रे अशा वेळी!"

"पण आलो नाही आपण."

भाऊजी धापा टाकत हसले. मग थांबले आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "काका म्हणणं सोड आता. बाबा म्हण. पुढच्या रविवारपासून खाली तूच उभा राहा. गेली की आजच्यासारखा ओरड, सगळ्या टेकडीला ऐकू जाऊ दे."

"आणि बाकीच्या वेळी, बाबा?"

"बाकीच्या वेळी," भाऊजी म्हणाले, "जरा हळू ओरड."